गुप्तहेराचा उजवा कान

मुलांनो, आशागडच्या आमच्या डीजेला सगळे ‘गुप्तहेर’ म्हणत. कुठेही गेला तरी डावा खांदा भिंतीला लावून बसायचा आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे रोखून पाहायचा. त्यात जुन्या हेरपटांच्या संगीताला नाचाचा ठेका लावायचा, त्यामुळे नाव पक्कंच झालं.

नवी धून जमली की लॅपटॉप घेऊन तो माझ्या ओट्यावर यायचा. “बाई, पोटात धस्स झालं का?” झालं म्हटलं तरी समाधान नाही. “कुठे? पाठलागात की त्याआधी?” लोकांना आधी घाबरवायचं, मगच नाचवायचं, हा त्याचा नियम. तलासरीच्या एका हळदीत ठेका येण्याआधी त्याने इतका वेळ नुसती धडधड वाजवली, की नवरीचा मामा मांडवातून ओरडला, “अरे, पोलीस आले की काय?”

एकदा मी त्याच्या पाठीमागून विचारलं, “चहात साखर किती?” तो लॅपटॉपवर ठेका जुळवतच राहिला. तिसऱ्यांदा समोर जाऊन विचारलं तेव्हा माझ्याच लक्षात आलं. त्याने मान खाली घातली.

“डावा कान लहानपणीच गेलाय, बाई. आता उजव्यातून व्हायोलिनचे बारीक सूर गळायला लागलेत. कोणाला बोलू नका. बहिऱ्या डीजेला कोण बोलावणार?”

अच्छाडच्या लग्नात मग मी पुढच्याच खुर्चीत बसले. सूर कर्कश झाला की माझा रुमाल वर, नीट झाला की मांडीवर. त्याची नजर माझ्या हातावर, माझा जीव त्याच्या कानात. वऱ्हाड बेभान नाचत होतं. शेजारची बाई म्हणाली, “मावशी, किती तो घाम पुसता!”

आता तो मांडवात उभा राहत नाही. घरी बसून संगीत बांधतो, वाजवतात दुसरे. पण प्रत्येक धून आधी माझ्या फोनवर येते. “तुम्ही हो म्हटलंत तरच पुढे पाठवणार.”

काल एक आली. पाठलाग थांबतो आणि एकटं व्हायोलिन उरतं, असं त्याने लिहिलंय. मी चारदा ऐकलं. पाठलाग थांबतो, आणि पुढे मला काहीच ऐकू येत नाही. सूर त्याच्याकडून राहून गेला, की माझ्या कानातून गळला?

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. ती धून तुम्हाला पाठवली आहे. तुमचे कान तरुण आहेत. तिथे व्हायोलिन आहे का, तेवढं आजच कळवा. तो उद्या सकाळी ओट्यावर येईल आणि माझ्या ओठांकडे पाहील.