रांगोळीची खोली

लेकीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी पेढे वाटायला निघालोच होतो, तर बायकोनं डबा हातातून काढून घेतला. आधी ही राहणार कुठं ते ठरू द्या, म्हणाली. एकटीनं खोली घ्यायची तर निम्म्याहून जास्त पगार भाड्यात जात होता. लेकीनं तोड काढली: पिंगळी गावची एक मैत्रीण, चुडावा गावची एक आणि ही, तिघींत एकच खोली. दहा बाय सात, त्यातच ओटा आणि मोरी.

"एवढ्यात तिघींना सरळ झोपता येतं का दाखव, मग जा. न्हाईतर नोकरीला नाही म्हणून कळव," बायकोनं तिला फर्मान सोडलं.

लेकीनं वाद घातला नाही. सकाळी टेप आणि रांगोळी घेऊन तिनं अंगणातल्या फरशीवर ती खोली मापात काढली. पिंगळीच्या मैत्रिणीची भूमिका मला मिळाली. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून मोठ्या ऐटीत आत शिरलो.

"पप्पा, तुमी भिंतीतून आलात. बाहेर जा, दारातून या."

ओसरीवर बायको लसूण सोलत होती. चुडाव्याची कुठं राहिली, असं मी तिकडं बघून विचारलं. चुडाव्याची नाटकात काम करत नाही, असं उत्तर आलं. मग तिच्या जागी लोड ठेवला.

खाट मांडली तर दार उघडेना, खाट गेली. आडवे झोपलो तर माझे पाय मोरीत. उभे झोपलो तर खांद्याला खांदा, कूस बदलायची सोय नाही. दर खेपेला ओसरीवरून हसू. फरशी तापली, तशी मी सुट्टी मागितली.

"अजून एकदा," म्हणत लेक पुन्हा टेप घेऊन गुडघ्यांवर बसली. शेवटी बॅगा ओट्याखाली गेल्या आणि मधलीचं डोकं उलट्या बाजूला आलं.

बायको उठली.

"लोडाचं काय, तो कसाबी मावतो. सरका."

तिनं चपला रांगोळीच्या दाराबाहेर काढल्या, दारातून आत आली आणि लोड बाजूला सारून आमच्या मधे उलटी आडवी झाली. पाय लांब केले. एकदा कूस बदलून पाहिली.

"घरातली गादी नेऊ नको," लेकीला म्हणाली. "लय रुंद हाय. अरुंद शिवून घेऊ."

पेढ्यांचा डबा आणायला मी धावत सुटलो. भिंतीतूनच.