भोकाचं झाड

सासरे आमच्या लग्नाला आले नव्हते. मी ब्राह्मणाघरची, नवरा देवगाव रंगारीच्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा, आणि लग्न रजिस्टर. त्यांना एवढं कारण पुरेसं होतं. तसं ते माझ्या वडिलांनाही पुरेसं होतं, पण ते वर्षभरात निवळले. सासरे निवळले नाहीत. सासूबाई तेवढ्या घरी काहीतरी निमित्त सांगून एसटीनं येऊन जायच्या, येताना बाजरी आणायच्या, आणि एक दिवस त्याही वारल्या.

त्यानंतर सासरे गावात एकटेच राहायचे, स्वतःच्या भाकरी स्वतः थापायचे. एका वर्षी हरभरा काढायच्या दिवसांत ते खळ्यावर पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन औरंगाबादला झालं. दवाखान्यातून त्यांना आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आणण्याशिवाय इलाज नव्हता. त्यांच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता.

आमचं घर लहान. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि पश्चिमेला उघडणारी गॅलरी. हॉलच्या खिडकीत कूलर होता आणि कूलरशेजारच्या कोपऱ्यात माझं मॉन्स्टेराचं झाड. क्रांती चौकाजवळच्या आमच्या ऑफिसातल्या एका बाईनं दिलेल्या कांडीपासून मी ते वाढवलं होतं. ते झाड मुळात दमट जंगलातलं. औरंगाबादचा उन्हाळा त्याला सोसत नाही, कडा तपकिरी होतात, पानं माना टाकतात. पण कूलरची ओल आणि खिडकीतला झिरपता उजेड या दोन गोष्टींवर त्यानं तीन-चार उन्हाळे काढले होते आणि ते माझ्या खांद्यापर्यंत आलं होतं. ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्याची पानं सुपाएवढी होतात आणि त्यांना भोकं असतात. कडेपासून आत लांब चिरा, मधल्या शिरेजवळ गोल-लांबट भोकं. झाड वाढतं तशी नवी पानं जास्तच फाटलेली येतात. लोक ते घरात ठेवतात ते त्या भोकांसाठीच.

नवऱ्यानं वडिलांची खाट त्याच कोपऱ्यात टाकली. आजारी माणसाला कूलरजवळची जागा द्यायची, यात चुकीचं काहीच नव्हतं. मी झाड गॅलरीत नेलं. पंधरवड्यात त्याची तीन पानं उन्हानं भाजली. मग मी ते परत आत आणलं आणि खाटेच्या डोक्याशी जेमतेम जागा होती तिथं ठेवलं.

"तिला सांग, माझ्या उशाला जंगल नको," सासरे मुलाला म्हणाले.

मी समोरच उभी होते. ते माझ्याशी थेट बोलायचे नाहीत, जे असेल ते 'तिला सांग'. मीही त्यांना कधी हाक मारली नव्हती. नवरा त्यांना दादा म्हणायचा. मी काय म्हणायचं, हे लग्नाच्या वेळी ठरायला हवं होतं आणि तेव्हा ते आले नव्हते. मी ताट वाढून स्टुलावर ठेवायची आणि आत जायची. ते जेवण झालं की ताट तसंच सारायचे. भाजीत गूळ पडला तर नवऱ्याकरवी कळायचं.

झाड उशाशीच राहिलं, कारण मी ते हलवलं नाही. रोज सकाळी ओल्या फडक्यानं मी त्याची पानं पुसायची, आणि सासरे खाटेवरून ते बघत राहायचे. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी तेही नाही. ड्रम भरून ठेवायचे आणि पुरवून वापरायचं. त्यांच्या गावात तर त्या वर्षी टँकर चालू होते. त्यामुळे पुसायला घेतलेलं तांब्याभर पाणीसुद्धा त्यांच्या डोळ्यांत सलत असणार. एकदा गावाहून त्यांचा पुतण्या भेटायला आला होता. मी स्वयंपाकघरात चहा करत होते, तेव्हा ते त्याला सांगत होते, "घरात लेकरू नाय, अन् ही पाल्याला अंघोळ घालती."

आम्हाला मूल नव्हतं. होणारही नव्हतं, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. झाड म्हणजे माझं मूल होतं असं कुणी समजू नये. मला ते झाड म्हणूनच आवडायचं. पण ते वाक्य ऐकल्यावर मी चहाचे कप दारातूनच पुतण्याच्या हातात दिले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाही.

पुतण्यानं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणली होती. त्या पिशवीत आणखी काय होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

ऑफिसातून आले तर फाटकाशीच उग्र वास. कपाशीच्या दिवसांत एसटीनं गावावरून जाताना शेतांतून येतो तो वास. हॉलमध्ये पंखा चालू होता, सासरे खाटेवर बसले होते, आणि उशाशी झाड नव्हतं. ते गॅलरीत होतं, मावळतीच्या उन्हात, वरून खालपर्यंत भिजलेलं. कुंडीतली मातीसुद्धा भिजलेली. पानांवर पांढरट ओघळ सुकत होते. कुंडीशेजारी माझी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली होती आणि तिच्यात दुधासारखं गढूळ पाणी उरलं होतं. काठी टेकत चालणाऱ्या माणसानं ती जड कुंडी कशी ओढली असेल, कोण जाणे. फरशीवर ओरखडा मात्र उमटला होता.

"हे काय केलं?" मी विचारलं. त्यांच्याशी थेट बोललेलं हे माझं पहिलं वाक्य असावं.

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "अळीनं खाऊन टाकलं होतं समदं. फवारलं."

"ते विष कुठून आणलं?"

"इष नाय, औषध हाय. कपाशीचं."

मग मी बरंच बोलले. घरात विष आणलं म्हणून बोलले, इस्त्रीच्या बाटलीत कालवलं म्हणून बोलले, विचारलं नाही म्हणून बोलले. लग्नाला आले नाहीत तेही काढलं. लेकराचं बोलले होते तेही काढलं. आवाज शेजारी गेला असणार. ते मध्ये एकदाच बोलले. "अळी लागल्याली दिसत असताना बघत बसू का?" आणि आडवे होऊन त्यांनी तोंड फिरवलं.

नवरा आल्यावर म्हणाला की त्यांना काय माहीत, त्यांनी आयुष्यभर हेच केलंय, मुद्दाम नाही केलं. मी म्हणाले, मुद्दामच केलंय. त्यावर तो म्हणाला की मला तसंच वाटायला हवं असेल तर त्याचा इलाज नाही. मग आम्ही दोघंही एकमेकांशी बोलेनासे झालो.

मी हातमोजे घातले, झाड मोरीत नेलं आणि ड्रममधल्या पाण्यानं धुतलं. पुन्हा धुतलं. कुंडीतली माती काढून टाकली आणि मुळंही धुतली. बाहेरून खाटेवरून आवाज आला, "प्यायचं पाणी हाय ते." मी आणखी एक बादली ओतली.

उपयोग झाला नाही. शेतातल्या मापानं कालवलेलं औषध आणि वरून ऊन. दोन-तीन दिवसांत पानं काळी पडली, देठ लोंबले. ज्या पानांत पूर्वी भोकं होती ती आता अख्खीच जळाली होती. खोड खालून मऊ लागायला लागलं आणि दाबलं की तपकिरी पाणी यायचं. ऑफिसातल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, फेकून दे, मी दुसरी कांडी देते. मला दुसरी कांडी नको होती. ते झाड त्यांच्या हातून मरू द्यायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

शेंड्याकडे खोडाचा वीतभर तुकडा अजून टणक होता. त्याला एक पेर होतं आणि पेरातून बोटभर लांब, सुकल्या दोरीसारखं एक हवाई मूळ बाहेर आलेलं होतं. सुरी स्पिरिटनं पुसून मी तेवढा भाग कापला. कापलेल्या तोंडाला हळद लावली, दिवसभर सावलीत सुकू दिला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, उकळून गार केलेल्या पाण्यात पेर बुडेल असा ठेवला. बरणी बेडरूमच्या खिडकीत ठेवली, पडद्याआड. आणि ऑफिसला जाताना बेडरूमला कुलूप घालायला सुरुवात केली.

सासऱ्यांच्या ते लगेच लक्षात आलं. शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या तेव्हा त्यांनी ऐकवलं, "सून कुलूप लावून जाती. चोर हाय ना मी." काकूंनी ते मला सांगितलं. मी म्हटलं, बरोबर आहे, लावते.

बरणीत बरेच दिवस काही झालं नाही. मध्ये एकदा तळ पुन्हा सडला, तो कापून टाकावा लागला. पाणी बदलायचं, बरणी घासायची, पेराकडे उजेडात धरून बघायचं. नवरा कपाटातून शर्ट काढताना बरणीकडे बघायचा, पण विचारायचा नाही. ऊन उतरून आभाळ यायला लागलं तेव्हा एक दिवस त्या सुकल्या दोरीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले. ते लांबले. मुळ्याच्या बारीक मुळीसारख्या त्या मुळ्या बरणीभर झाल्यावर मी कोकोपीट, वाळू आणि थोडं गांडूळखत मिसळून लहान कुंडी भरली आणि त्यात तो तुकडा लावला.

बेडरूममध्ये उजेड पुरेना. कूलर तोवर बंद झाला होता, सासरे काठीनं घरभर फिरायला लागले होते आणि दुपारी दारासमोरच्या ओट्यावर बसायचे. त्यामुळे कुंडी परत हॉलमध्ये आणली, खिडकीशी, त्यांच्या खाटेपासून शक्य तितकी दूर. तिथं पहिलं पान आलं. आधी हिरवी घट्ट सुरळी, मग ती हळूहळू उलगडली. विड्याच्या पानाच्या आकाराचं, कोवळं, चकचकीत पान. एकही चीर नाही, एकही भोक नाही. मार खाल्लेल्या झाडाची सुरुवातीची पानं अशी अखंड येतात, हे मला माहीत होतं.

सासऱ्यांनी ते पान पाहिलं. त्या संध्याकाळी ते मुलाला म्हणाले, "बघ. औषधाचा गुण आला. एक भोक नाय."

मी पोळ्या लाटत होते. नवरा हसला. तो वडिलांना हसला की मला, मी विचारलं नाही, पण त्या दिवशी त्याची पोळी त्यालाच भाजून घ्यावी लागली.

त्यानंतर सासरे त्या झाडाचे मालक असल्यासारखे वागायला लागले. आल्या-गेल्याला सांगायचे की झाड पार गेलं होतं, फवारलं म्हणून वाचलं. काठीच्या टोकानं पान उचलून खालून बघायचे. मी नवऱ्याकरवी निरोप दिला की काठी लावू नका. मग ते बोटानं उचलायला लागले. दुसरं पानही अखंड आलं आणि त्यांची खात्री पक्की झाली.

दिवाळीनंतर तिसरं पान उलगडलं. रविवार होता. पान पहिल्या दोघांहून मोठं होतं, डाव्या बाजूला दोन चिरा होत्या आणि शिरेजवळ एक लहानसं भोक. मी चहा घेऊन दारातच बसले. आदल्या आठवड्यात पुतण्या येऊन गेला होता आणि त्याच्या पिशवीत मी डोकावले नव्हते.

सासरे आंघोळ करून आले. त्यांनी पान पाहिलं. चष्मा आणायला गेले, परत आले, काठी भिंतीला लावली आणि खिडकीची कड धरून वाकले. पान उलटं केलं. भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग चिरेवरून फिरवला. कुंडीतल्या मातीत काही पडलंय का ते बघितलं.

"हे झाडच असलं हाय का?" त्यांनी विचारलं. घरात आम्ही दोघंच होतो. 'तिला सांग' म्हणायला कुणी नव्हतं.

"हो."

"भोकाचंच?"

"हो. ते असंच येतं."

ते सरळ झाले. "मग आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलं कुठं?"

"तू बोलती कुठं?"

माझ्याकडे उत्तरं होती. लग्नापासूनची, दहा वर्षांची होती. त्यातलं एकही मी दिलं नाही, कारण एक दिलं असतं तर सगळी द्यावी लागली असती. ते काठी घेऊन ओट्यावर गेले. मी चहा संपवला.

यातून काही बरं निघालं असतं तर मी तसं लिहिलं असतं. झालं उलटंच. संध्याकाळी नवरा घरी आल्यावर सासऱ्यांनी त्याला सांगितलं की तुझ्या बायकोनं इतके महिने मला येडं बनवलं, मी लोकांना सांगत होतो आणि ती आतून हसत होती. मी हसले नव्हते. इतके दिवस त्या घरात मला हसू आलं नव्हतं. पण हे मी नवऱ्याला सांगितलं, त्यांना नाही.

संक्रांत झाल्यावर ते गावी गेले. पाय बरा झाला होता आणि पुतण्यानं आपल्या घरी राहायला बोलावलं होतं. रिक्षात बसताना त्यांनी मुलाला पाण्याची टाकी झाकून ठेवायला सांगितलं, शेजारच्या काकूंना नमस्कार केला. मी फाटकाशी होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही आणि मीही 'या परत' म्हणाले नाही.

झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. नवरा महिन्यातून एकदा गावी जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी जाते, पुरणपोळ्या करते. सासरे जेवतात आणि काय कमी-जास्त झालं ते मुलाला सांगतात.

मागच्या वर्षी नवरा गावाहून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "दादा विचारत होते, त्या भोकाच्या झाडाची एखादी कांडी मिळेल का. ओसरीत लावतो म्हणाले."

मी म्हणाले की तिथल्या उन्हात ते एक उन्हाळा काढणार नाही. तो म्हणाला, ओसरीला सावली असते. मी म्हणाले, कांडी नाही निघणार. त्यानं पुन्हा विचारलं नाही. गावी जाऊन त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि सासऱ्यांनीही पुन्हा मागितली नाही.