रेकॉर्डवरचा एक शब्द

देवगाव फाट्यापासून निम्मी वाट झाली होती. गावाकडं जाणारी जीप मिळाली नाही म्हणून आम्ही पायीच निघालो होतो. रेकॉर्ड वाजवायचं मशीन पेटीसारखं मिटतं. ते माझ्या हातात. रेकॉर्ड मात्र शांतम्माकाकूंनी पदराखाली छातीशी धरलेली. काकू माझ्या शेजारीण, सत्तरीच्या. परभणीत रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या सिद्धोधनच्या दुकानातून आम्ही परत येत होतो.

"अनुपमा, दुसरं मशीनच घ्यावं म्हणते," काकू म्हणाल्या. "हे जुनं बाकीच्या भजनांना राहील. नवं फक्त ह्यांच्यासाठी."

"बरं."

"का ह्यालाच नवं कार्ट्रिज बसवावं? ज्यात सुई असती ते. हलकं येतंय म्हणला तो, घासत न्हाई जास्त."

"तुमी सांगाल तसं, काकू."

"तुला काय इचारावं! लुगडं घेताना बी तू हेच म्हणतीस."

मी हसले. पण दुकानातलं खरं बोलणं त्या मुद्दाम टाळायलात, हे मला कळत होतं.

काकूंचे यजमान मन्मथअप्पा भजनात टाळ वाजवायचे. लग्न नवं होतं तेव्हा गावातल्या गाणाऱ्या अण्णांची एक छोटी रेकॉर्ड हैदराबादेत निघाली. साथीला अप्पा. शेवटच्या कडव्याआधी अण्णांनी एकदम घाई केली आणि अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "हळू." ते रेकॉर्डवर तसंच राहिलं. सोमवारी मठात ती लागली की पोरं ओरडायची, "अप्पा, हळू!" आणि अप्पा मान खाली घालून बसायचे.

अप्पा गेल्यावर पिठाची गिरणी काकूंनीच चालवली. पट्टा निसटला तर स्वतः चढवायच्या. पीठ कमी भरलं म्हणून कुणी बाई कुरकुरली की म्हणायच्या, "मीच खाल्लं ग. तोंड पांढरं दिसत न्हाई का माझं?" संध्याकाळी गिरणी बंद केली की अंगावरचं पीठ झटकून रेकॉर्ड लावायच्या. पूर्ण भजन ऐकायला धीर नसायचा. सुई उचलून नेमकी त्या जागी टेकवायच्या. मी देवापुढं दिवा लावत असायची, तेव्हा भिंतीपलीकडून यायचं, "हळू." जरा थांबून परत, "हळू." मग हळूहळू त्यात खरखर शिरली. आता त्या जागी नुसती खरखरच येते.

काकूंच्या लेकीनं, महेश्वरीनं, ते मोबाइलमध्ये भरून घेतलं, पण तोवर उशीर झाला होता. दुसरी प्रत शोधली. मठातली कधीच फुटली, अण्णांच्या घरची भंगारात गेली.

काकूंना वाटत होतं, सुई म्हातारी झाली. चांगलं मशीन आणलं की शब्द परत येईल. सिद्धोधननं रेकॉर्ड भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली. नवं कार्ट्रिज काय, दुसरं मशीन काय, सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाला, "पण काकू, कायबी घ्या, घासून गेलं ते येत न्हाई. त्याच जागी सारखी सुई टेकवली तुमी. तिथं जरासं काही राहिलं आसंल, तेबी वाजवलं की जाईल."

"जात्याचा दगड गुळगुळीत झाला की आमी टाकी लावून घेतो," काकू म्हणाल्या. "परत दळतो की तो. तसं करून दे हिला."

सिद्धोधन हसला नाही. "तिथं नव्या खाचा पाडतात, काकू. हिच्यात नव्या पाडल्या तर अप्पा कुठून येतील?"

काकूंनी रेकॉर्ड उचलली आणि चहा न पिताच दुकानाबाहेर पडल्या.

ओढ्यावरच्या पुलाशी आम्ही टेकलो. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

"मीच घासलं न्हाई का ग त्यांना?"

मी मनात महादेवाचं नाव घेतलं. काय मागावं ते मात्र सुचेना.

"तुमाला कुठं ठाऊक होतं, काकू?"

"गिरणीवालीला ठाऊक न्हाई? रोज फिरतो तो दगड झिजतो, हे मला कुणी शिकवावं?"

ऊन उतरलं. जीप एकही आली नाही. शेवटी मीच विचारलं, "मग मशीनचं काय ठरवलं?"

"कशाला मशीन? नवं आणलं की मी रोज लावून बघीन, आज येतंय का म्हणून."

त्यांनी पदराखालून रेकॉर्ड काढली. पाकिटावर पिठाची बोटं उमटलेली होती. ती पुसायला गेल्या, पण राहू दिली. रेकॉर्ड माझ्या मांडीवर ठेवली.

"तुझ्या देवघरात ठेव. आन ऐक, मी मागायला येईन. उद्याच येईन. रडंन, भांडंन, तुझ्या सासूला मधी घालंन. कायबी केलं तरी मला देऊ नको."