जबडा बांधलेला माणूस फोनवर

"घरी कळवलं का?"

वडपे गावातल्या आमच्या गोदामात कुणाला काही लागलं, की गेटवरच्या हवालदारांचा पहिला प्रश्न हाच. सैन्यात असताना जबड्याला गोळी लागलेली, त्यामुळे शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचे. उत्तर मिळेपर्यंत मात्र ते हटायचे नाहीत.

एकदा एका हमालाच्या पायावर पेटी पडली. घरचे घाबरतील म्हणून तो फोन करेना. हवालदारांनी मोबाइल त्याच्या हातात कोंबला. "तू नहीं बोलेगा तो दूसरा कोई बोलेगा. तेरी टांग टूटी है, वो गर्दन टूटी बोलेगा."

त्याला दवाखान्यात धाडल्यावर चहा पिता पिता त्यांनी मला स्वतःचं सांगितलं.

लढाईत त्यांना डोंगरमाथ्यावर गोळी लागली. सोबत्यांनी स्ट्रेचरवरून बर्फातून खाली आणलं. उतार फारच उभा आला तिथं एक जण खाली बसला आणि स्ट्रेचरचा भार छातीवर पेलत घसरत आला. मग हेलिकॉप्टर, मग इस्पितळ. शुद्ध आली तेव्हा जबडा तारांनी घट्ट बांधलेला.

इकडे वळ गावात त्यांच्या घरी 'गंभीर जखमी' अशी तार आली होती. गावभर होईपर्यंत तिचं 'गेला' झालं. बायका रडायला जमल्या. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळाच्या कुंकवाला कुणाला हात लावू दिला नाही.

"मी भिंत धरून फोनपाशी गेलो," हवालदार म्हणाले. "सिस्टर रागावली. मी तिच्या हातावर बोटानं गावच्या वाण्याचा नंबर लिहिला."

वाण्यानं काकूंना बोलावून आणलं. सिस्टरनं हिंदीत सांगितलं, तुमचे पती जिवंत आहेत.

"उनको बोलने दो. फिर मानेगी मैं."

"वो बोल नहीं सकते."

"मंग मी फोन ठेवत न्हाय," काकू मराठीतच म्हणाल्या.

हवालदारांनी रिसीव्हर घेतला. शब्द फुटेना. तेव्हा बाहेरून आलेला पुरुष घरात शिरण्याआधी उंबऱ्याशी खाकरतो, तसे ते खाकरले. कळ मस्तकात गेली. तरी पुन्हा खाकरले.

पलीकडून काकूंचा आवाज आला, "कळलं मला. घाई करू नका. नीट बरं होऊनच या."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? जाऊन झोपलो. लई दिवसांनी झोप लागली."

पुढं काकूंचे गुडघे गेले, तशी हवालदारांनी नोकरी सोडली. "आता घरची ड्युटी हाय," एवढंच म्हणाले. आमच्या गेटवर आता दुसरा माणूस आहे.

परवा वळच्या रस्त्यावर दोघं दिसली. काकूंना पलीकडे जायचं होतं. हवालदारांनी एका हातानं त्यांचं कोपर धरलं, दुसरा हात वर केला आणि ते थेट रस्त्यात उतरले. कंटेनर थांबले. मागून हॉर्न वाजू लागले. काकू एकेक पाऊल जपून टाकत होत्या, आणि हवालदारांचा हात वरच होता.