उरलेल्या गोळ्या मागणारे भाऊ

देवाला न भिणारी माणसं घाटंजीत पुष्कळ सापडतील, पण आमच्या मेडिकलवाल्या भाऊंकडे प्लॅस्टिकची थैली मागायची कोणाची छाती नाही. बाजाराच्या दिवशी बाहेरगावचा एकजण चुकून मागून बसला. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन गोळ्यायले थैली? लग्नाचा आहेर नेऊन राह्यले का?" बिचारा गोळ्या टोपीत घालून गेला. औषधांची रिकामी खोकी भाऊ उलगडून ठेवतात आणि गोळी केव्हा घ्यायची ते कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून देतात. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही ते वाचता येतं.

पण त्यांचा खरा जीव दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात. घरात उरलेली, जुनी झालेली औषधं त्यात टाकायची. डबा भरला की औषधं नीट नष्ट व्हावीत म्हणून ते स्वतः ती यवतमाळला पोचवतात. कोणी गोळ्या नालीत फेकल्याचं कळलं की संपलंच. "नदीतल्या मासोळ्यायले बीपी हाय का?"

मुलाच्या तापाच्या उरलेल्या गोळ्या मी नेल्या, तेव्हा भाऊ साऱ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पाहा, याले म्हन्तात समजदार बाई!" मी पदरात तोंड लपवलं, पण आतून टम्म फुगले. मला असं कोणी म्हणत नाही. पुढच्या महिन्यात न्यायला घरात काही उरलंच नव्हतं. मग माझी अक्कल चालली. माझी रक्तदाबाची गोळी मी एक दिवसाआड घेऊ लागले आणि वाचलेल्या गोळ्या डब्यात नेऊन टाकू लागले. चक्कर यायची. वाटायचं, एवढ्या चांगल्या कामात थोडं डोकं फिरणारच.

एका सकाळी दुकानाच्या पायरीवरच मटकन बसले. भाऊंनी पाणी दिलं आणि माझ्या हातातलं पाकीट पाहिलं.

"हे त याच महिन्यात नेलं तुमी. वापस काहून आनलं?"

मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. वाटलं, आता गावभर हसं होणार. भाऊ हसले नाहीत. त्यांनी तो डबा माझ्यासमोरून बाजूला सरकवला.

"चूक माही हाय, ताई. तुमची गोळी तुमच्या पोटात गेली पाह्यजे, माह्या डब्यात नाही."

आता मी समोरून गेले की कितीही गर्दी असो, ते ओरडतात, "ताई, आजची घेतली का?" सारा रस्ता वळून पाहतो. मी लाजून मान हलवते, पण तिथून जाताना पावलं मुद्दाम जरा हळू टाकते. घरी हे विचारणारं कोणी नाही, ते मी भाऊंना सांगितलेलं नाही.