दोन कानांचा तांब्या

पाचवीचा तास चालू असताना रेल्वेच्या मालधक्क्यावरचा हमाल वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, बापू गेलं की वो," एवढंच म्हणाला. दाऊदबापू तिथले कारकून आणि बारा वर्षांचे माझे स्नेही. चार दिवसांच्या तापानं गेले. बातमी ऐकताच मला आधी आठवला तो माझ्या कपाटात पडलेला त्यांचा तांब्या... अशा वेळी मन शोभेल असं वागत नाही.

बापू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सोलापुरात त्यांची जेमतेम चार घरं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझं ताट ठरलेलं, कारण मी विधुर, आणि माझ्या हातचा स्वयंपाक कुठल्याच धर्मात बसत नाही. रिबकावहिनी माझ्यासाठी वांग्याची भाजी वेगळी ठेवत. जेवणाआधी बापू रेवदंड्याहून आलेला वडिलांचा तांब्या भरून घेत. त्याला दोन बाजूंना दोन कान. धुतलेला हात न धुतलेल्या हाताला लागू नये म्हणून. उजव्यावर तीनदा, डाव्यावर तीनदा पाणी. मग हिब्रूतला आशीर्वाद पुटपुटत हात पुसायचे, आणि भाकरीचा तुकडा मिठाला लावून तोंडात घालेपर्यंत अवाक्षर नाही. पहिल्याच शुक्रवारी नेमकं तेव्हा मी होटगीच्या गाडीची वेळ विचारली. उत्तर नाही. मला वाटलं, रागावले. घास गिळून म्हणाले, "साडेआठ. आणि मास्तर, हात धुतलेल्या माणसाला काही विचारत जाऊ नका."

आमच्या काकांचं सोवळं अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. बापूंचं शेजारच्या खोलीतही कळत नसे. माझा विश्वास दोन्हींवर नाही. पण ती अर्ध्या मिनिटाची शांतता मला आवडू लागली होती. "क्वार्टरला नळ आलाय की," मी एकदा चिडवलं, "त्याच्याखाली धरा हात." म्हणाले, "नळ काय, आपोआप वाहतो. इथं कुणीतरी उचलून ओतावं लागतं."

गेल्या हिवाळ्यात तांब्या बुडाशी गळू लागला. गळकं भांडं या कामाला चालत नाही. बापू साधा पेला घेऊ लागले, पण हात धुताना नजर फळीवरच्या तांब्याकडे जायची. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "माझ्या ओळखीचा तांबट आहे. आणा इकडे."

आठ दिवसांनी तांबटानं तांब्या पुढे केला. एक कान गायब! "एका तांब्याला दोन कान कशाला वो, मास्तर? एक काढला, त्येच्याच पत्र्यानं भोक बुजवलं. लई झ्याक झालंय की." कप्पाळ! नवा कान बसवायला सांगितलं, तर लग्नसराई पुढे आली. बापूंना खरं सांगायला जीभ रेटेना. तीन शुक्रवार मी सांगत राहिलो, "तांबट गावाला गेलाय." तीनही वेळा ते नुसतं "बरं" म्हणाले आणि पेला उचलला.

चौथा शुक्रवार आला नाही.

दफनाहून परतताना फाटकापाशी सगळ्यांनी हात धुतले. एकानं तांब्या उपडा ठेवायचा, दुसऱ्यानं तिथून उचलायचा. हातातून हातात द्यायचा नाही. मी खिशातून रुमाल काढला, तर शेजारचे म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "पुसू नका. आपसूक वाळू द्या." मेलेल्या माणसाची आठवण पुसायची नसते म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी तांबटाच्या दुकानात ठाण मांडून बसलो आणि दुसरा कान बसवूनच उठलो. सुतकाचे सात दिवस संपल्यावर तांब्या वहिनींपुढे ठेवला, सगळं कबूल केलं. त्यांनी नव्या कानावरून बोट फिरवलं. "ठाऊक होतं त्यांना. तांबट मालधक्क्यावर आला होता, तुमच्या दोन कानांच्या तांब्याची गंमत त्यानंच सांगितली."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हणाले, मास्तर स्वतःहून सांगतील. एका कानानंही चालतं, भाऊजी, गळलं नाही म्हणजे झालं." तांब्या त्यांनी माझ्याकडेच सरकवला. "आता न्या. मला पेल्याची सवय झालीय."

तो आता माझ्या मोरीशी असतो. शुक्रवारी भरून घेतो, उजव्यावर तीनदा, डाव्यावर तीनदा. आशीर्वाद येत नाही आणि आला असता तरी म्हटला नसता. पण पहिल्या घासापर्यंत बोलत नाही. हातही पुसत नाही. ओले तसेच ठेवून बसतो. हे चूक आहे, मला माहीत आहे. न पुसणं दफनभूमीतलं, जेवणाआधी हात पुसायचेच असतात... बापू असते तर घास गिळून म्हणाले असते, "मास्तर, चुकलात."

म्हणून मी दर शुक्रवारी चुकतो, आणि घास गिळून थोडा वेळ थांबतो.