मोटारीच्या मागच्या बशा

आमचे हे मोटार घेऊन आले, त्या दिवशी मी अंगणात मुगाच्या वड्या घालत होते. पुढे दोन बैल, मागे दोरानं बांधलेली काळी मोटार आणि आत चाक धरून बसलेले हे. मला वाटलं कुणाची तरी गाडी बंद पडली आणि हे मदतीला गेले असतील. पण बैल आमच्याच क्वार्टरपुढे थांबले.

"कोणाची जी?" मी विचारलं.

"आपली."

"आपली म्हणजे?"

"आपली म्हणजे आपली."

हात पिठात भरलेले, तशीच जाऊन आत डोकावले. मागच्या सीटवर वाळलेलं गवत होतं आणि त्यात कोंबडीचं एक अंडं.

हे पोलादाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तेव्हा कारखाना उभा राहत होता. कामगार वसाहतीच्या अर्ध्या सेक्टरांत घरांना छपरं नव्हती, रस्ते मुरमाचे होते, आणि रशियन इंजिनिअरांच्या जीपा गेल्या की पाच मिनिटं समोरचं घर दिसत नसे. सुट्टीच्या दिवशी हे दुर्गकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या, नव्या घरात वायरिंग करायला जात. काम संपल्यावर त्या माणसानं गोठ्यात पडून असलेली मोटार ह्यांना देऊन टाकली. लढाईच्या आधीची, विलायती. ह्यांनी ती का घेतली, हे मी दोन-तीनदा विचारलं. "पडून होती ना," एवढंच उत्तर. आमच्या घरात एक सायकल होती, आणि तिच्यावर आमचं भागत होतं.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघं आणि सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. मामाजींनी सारा जन्म रेल्वेच्या बत्तीघरात काढला. सिग्नलचे, गार्डच्या डब्याचे दिवे पुसायचे, वाती कापायच्या, तेल भरायचं. रिटायर होऊन आमच्याकडे आले ते गप्पच असत. सासूबाई गेल्यापासून असे झाले, असं हे सांगत. मोटार आली तेव्हा मामाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागे जाऊन वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हिले मांगं दिवाच नाई." मग आत जाऊन निजले.

मागच्या दिव्यांच्या जागी खरंच दोन भोकं होती आणि त्यांतून वायरीची टोकं लोंबत होती. पण ह्यांचं सारं लक्ष इंजिनात. तीन महिने दर सुट्टीला हे मोटारीखाली. शेवटी एक दिवस ती खोकत-खोकत सुरू झाली, आणि हे आम्हाला जवळच्या सुपेल्याच्या बाजारापर्यंत नेऊन परत आणायला लागले. पुढचे दिवे लागत. मागे अंधार.

मग व्हायचं ते झालं. दिवेलागणीची वेळ, सुपेल्याच्या चौकाअलीकडे. शिफ्ट सुटलेली, रस्त्यावर सायकलीच सायकली आणि धूळ. ह्यांनी बैलगाडीसाठी ब्रेक मारला आणि मागून धाडकन आवाज आला. एक माणूस सायकलीसकट आमच्या मोटारीवर आदळला होता. कपाळ फुटलं होतं. मी पदर फाडून बांधला. तो रागावला नाही. उलट आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुमची गाडी दिसलीच नाही हो मला. समोर नुसती धूळ होती."

त्याला घरी सोडून आलो. ह्यांनी मोटारीवर ताडपत्री टाकली आणि आठ दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "दिवे लावा लागते."

पण आणायचे कुठून? सुपेल्याच्या दुकानांत ट्रकचे दिवे होते, ते त्या भोकांवर बसेनात. ह्यांनी डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचे दिवे करून पाहिले. कात्रीनं कापून, डाग देऊन. एक वाकडा झाला, दुसरा त्याहून वाकडा. ह्यांचा हात वायरीत चाले, पत्र्यात चालत नसे. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते आणि माझे हात शिवशिवत होते.

माझं माहेर भंडाऱ्याचं. घरी पितळेच्या भांड्यांचं काम. वडिलांसोबत मी लहानपणापासून ठोकायला बसे. मुलगा नव्हता म्हणून नाही. दोन भाऊ होते, पण त्यांना ते आवडत नसे, मला आवडे. लग्न ठरल्यावर आई म्हणाली, "तिकडे हे सांगू नको बरं. हात पाहू देऊ नको कोणाले." का सांगायचं नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्ष उलटून गेलं तरी मी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी हे ड्यूटीवर गेल्यावर मी माळ्यावरचा पाणी भरायचा गळका पितळी गुंड काढला. बुडाला चीर गेलेला, टाकायचाच होता. छिन्नीनं त्याचं पोट कापून सपाट केलं. शेगडीवर लाल होईपर्यंत तापवलं, पाण्यात टाकलं. चर्र झालं. वाळूची पिशवी मांडीपुढे घेतली आणि लाकडी मोगरीनं खोलगट करायला लागले. पितळ ठोकून-ठोकून कडक होतं. मग पुन्हा तापवायचं, पुन्हा भिजवायचं. घाई केली की काठ फाटतो.

मान वर केली तर मामाजी समोर उभे. माझ्या हातातली मोगरी थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी वाटीसारखा झालेला तो पत्रा उचलला, उजेडात धरला, फिरवला.

"याले आतून कल्हई करजो," म्हणाले. "उजेड मांगं फेकते. आन् वरून वारं जायाले जागा ठेव."

"बिजलीचा दिवा आहे जी मामाजी. त्याले वारं कायले?"

ते विचारात पडले. चाळीस वर्षं तेलाचे दिवे सांभाळले होते. "हो ना," म्हणाले, आणि बाजूला बसले. दुसऱ्या दिवशीपासून मी ठोके आणि ते शेगडी सांभाळत. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मोठ्यातला मोठा गोंधळ त्यांचाच होता. रेल्वेत लाल म्हणजे थांब. मग पळत्या मोटारीच्या मागे लाल कशाला, हे ते मला विचारत आणि स्वतःच उत्तर देत, की गाडीच्या शेवटच्या डब्यालाही लालच दिवा असतो, तो दिसला की स्टेशनमास्तरला कळतं गाडी पुरी आली, मधे तुटली नाही. मग पुन्हा म्हणत, "पन मोटारीले तं डबाच नाई." मला त्यातलं काय धरावं ते कळत नसे. मी ठोकत राही.

दोन्ही वाट्या आतून कल्हई करून आरशासारख्या झाल्या. काच उरली. सुपेल्याच्या एका फोटोवाल्याकडे अंधाऱ्या खोलीतली लाल काच तडकलेली पडली होती, ती ह्यांनी दिव्यांसाठी म्हणून आधीच आणून ठेवली होती. वाट्या पाहून हे म्हणाले, "कोणी केल्या?" मामाजी म्हणाले, "घरी झाल्या." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळी लाटत होते. काय ते ह्यांना कळलं असावं, वाट्यांवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले.

ती काच इतकी गडद होती, की आत बल्ब लागलाय की नाही ते पाहायला डोळा लावावा लागे. मग मला माझ्या लग्नातल्या बशा आठवल्या. मावशीनं दिलेल्या, लाल काचेच्या, मधून काठापर्यंत रेघा कोरलेल्या. सहा होत्या. त्यांत आम्ही कधी काही खाल्लं नव्हतं, कपाटात असत. मी एक आणून वाटीवर ठेवली. मामाजींनी मागून कंदील धरला. रेघारेघांतून उजेड असा फुटला, की मामाजी "अरे बाप्पा!" म्हणाले. बशी वाटीपेक्षा बोटभर मोठी होती. मी काठ पुन्हा तापवून वाढवला, बशी आत बसवली आणि काठ हळूहळू वरून मुडपला. पहिली बशी शेवटच्या ठोक्याला फुटली. दुसरी टिकली, तिसरीही.

ह्यांनी वायरी जोडल्या. आणि इथून आमचं डोकंच चालेना. दिवे लावले की दोन्ही मंद लागत. ब्रेक दाबला की दोन्ही लख्ख व्हायला हवे होते, पण उजवा लख्ख होई आणि डावा विझे. ब्रेक सोडला की डावा पुन्हा मिणमिणे. हे असं कसं? हे कारखान्यातल्या एवढाल्या विजेच्या मोटरी दुरुस्त करणारे. सहा व्होल्टच्या दोन बल्बांपुढे हात टेकले. वायरी बदलल्या, बल्ब बदलले, डाव्याचा उजव्याला लावला. तरी डावाच विझे. मी आत बसून ब्रेक दाबायची, हे मागून ओरडायचे, "सोड! दाब! अवं सोड म्हणलं ना!" मामाजी म्हणाले, "रेल्वेत असा दिवा राहिला असता तं मानसं मेली असती."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी सहज म्हणाले, "डावा खडखडू नये म्हणून खाली रबर घातलं, बोल्टालेबी घातलं. उजव्याले पुरलंच नाही. म्हणून तं नसंल?"

हे एकदम थांबले. "कशाचं रबर?"

"सायकलच्या ट्यूबचं."

ह्यांनी पान्हा घेतला, डावा दिवा काढला, रबर काढून फेकलं, रंग खरवडून दिवा पुन्हा बसवला. ब्रेक दाबल्यावर दोन्ही दिवे लख्ख झाले. मग मला समजावलं, की करंट दिव्यातून मोटारीच्या अंगात उतरून परत जातो, आणि मी त्याची वाटच अडवली होती. मला ते अर्धंच कळलं. चूक माझी होती की शोध माझा होता, हेही कळलं नाही. ह्यांनाही कळलं नसावं. रागावायला तोंड उघडलं आणि हसले.

दिवे पाहायला सेक्टरातली माणसं येऊ लागली. एका संध्याकाळी मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. बाहेर कुणीतरी विचारलं, "कहाँ बनवाया?" आणि हे म्हणाले, "सुपेला में एक मिस्त्री है."

माझा हात सुपातच राहिला. राग आला का? नाही वाटत. वाईट वाटलं का? तेही नीट सांगता येत नाही. आईनंच लपवायला सांगितलं होतं, मग लपलं तर बरंच नाही का? पण मग निवडलेलेच तांदूळ मी पुन्हा का निवडत होते?

सुपेल्यात खरंच एक मिस्त्री होता. जीपांचे चेपलेले मडगार्ड सरळ करायचा. लोक त्याच्याकडे जाऊन तसेच दिवे मागायला लागले. दोन-तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी तो सायकलवरून आमच्या दारात. उतारवयाचा, छत्तीसगढी. तो सरळ मोटारीमागे जाऊन उकिडवा बसला, मुडपलेल्या काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "एला कोन बनाए हे?"

मी दारात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

मामाजी म्हणाले, "हमारी बहू ने."

मिस्त्री हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. माझ्या हातांकडे पाहत म्हणाला, "किनारा फटा कैसे नहीं?"

"तीन बार तपाया," मी म्हणाले. माझं हिंदी तेव्हा एवढंच होतं.

"बस तीन?"

"फिर अंदर काच थी. तपाती तो फूटती."

मग आमचं बोलणं सुरू झालं. तो विचारे, मी सांगे, शब्द अडला की हातानं दाखवे. कल्हई किती पातळ, वाळू ओली की कोरडी. अर्धा तास झाला असेल. मधेच पाहिलं तर हे आतून तीन कप चहा घेऊन आले होते. ह्यांनी चहा केलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यात साखर नव्हती. मिस्त्रीनं तो तसाच पिऊन टाकला.

जाताना मिस्त्री म्हणाला, एका जुन्या जीपसाठी अशी एक जोडी करून द्याल का, पितळ मी आणतो. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कपात पाहत होते. मी मामाजींकडे पाहिलं.

"माह्याकडे नोको पाहू," मामाजी म्हणाले. "हात तुहे हायेत."

मी हो म्हणाले. म्हणताना नाही म्हणायचं होतं की काय, अशी शंका आली, पण तोवर तो सायकलवर बसला होता. ती जोडी मी पुढच्या अंगणात बसून ठोकली. शेजारणी यायच्या, पाहायच्या, जायच्या. काही पुन्हा यायच्या. नंतर मोठी मुलगी पोटात होती, वाकून बसवेना, तेव्हा मोगरी आणि वाळूची पिशवी मिस्त्रीकडेच पाठवून दिली.

पुष्कळ वर्षांनी, हे रिटायर झाल्यावर, मी एकदा विचारलं, "तेव्हा मिस्त्रीचं नाव कावून सांगितलं जी?"

ह्यांना आठवत होतं. लगेच म्हणाले, "लोकं तुले नावं ठेवतीन, असं वाटलं." मी बरं म्हणाले. दोन दिवसांनी जेवताना आपणहून म्हणाले, "मलेच लाज वाटली होती. मी डब्याचा पत्रा कापत बसलो होतो, आन् घरात तू होती."

दोन्ही गोष्टी ह्यांनी सारख्याच खऱ्या आवाजात सांगितल्या. यातली कोणती खरी ते मी विचारलं नाही. दोन्ही असतील. मी ह्यांना आणखी भात वाढला, आणि ह्यांनी पुरे म्हटलं नाही.